भिंतीतलं दार

ऐन तरफा, ९ सप्टेंबर

माझ्या हातांबद्दल त्या सभेत बोलायची तुला काही गरज नव्हती, नजला. हात माझे आहेत. मेंदी कालवली ती मी, नवऱ्या सजवल्या त्या मी, आणि जिनीव्हाच्या काचेच्या हॉलमध्ये उभं राहून 'माझ्या आजीचे हात गावातल्या गोऱ्या घरांनी पिढ्यानपिढ्या वापरले' असं सांगणारी तू. मला विचारलं होतंस? आपल्या ढोलवाल्या बरकाने फोनवर मला सगळं दाखवलं. तू काळा कोट घातला होतास, समोर पाण्याचा ग्लास होता. तू बोलत होतीस तेव्हा तुझ्या मागच्या खुर्चीतली बाई जांभई देत होती. तेही मी पाहिलं.

आता सलाम. तब्येतीला जप.

फोन करू नकोस. फोनवर तू मध्येच तोंड घालतेस, मग मी चिडते आणि सांगायचं ते राहून जातं. कागद मध्येच बोलत नाही. बायकांच्या वर्गात जेवढं शिकवलं तेवढ्यावर लिहितेय. अक्षर वाकडं आहे. तुला एवढं शिकवलंय ते वाकडं वाचता यावं म्हणूनच.

तुझ्या भाषणानंतर इथे काय झालं ते ऐक. तो व्हिडिओ आधी मशिदीच्या चौकात पोचला, मग बाजारात, मग गोऱ्यांच्या मोठ्या घरातल्या मालकीणबाईच्या, लल्ला शाद्लियाच्या, स्वयंपाकघरात. त्याच आठवड्यात खालच्या आळीत गोऱ्यांकडे लग्न होतं. बरका ढोल गळ्यात अडकवून गेला, तर त्याला दारातूनच परत पाठवलं. म्हणाले, "तुमच्या पोरीने आम्हाला जगाच्या कोर्टात उभं केलंय. आता ढोलही तिकडेच जाऊन वाजव." मला तर बोलावणंच आलं नाही. जन्मभर ह्या गावातली एक नवरी माझा हात धरल्याशिवाय उंबरठ्याबाहेर पडली नाही. का, ते मला माहीत आहे. काळीचा हात धरला की नजर नवरीला न लागता काळीला लागते. अख्ख्या गावाची नजर मी खाल्ली आहे आणि अजून धडधाकट आहे. पण ते मला माहीत असणं वेगळं आणि तू ते माइकवर सांगणं वेगळं.

भिंतीचं मात्र नीट बोललीस. ते मान्य करते. वर पीरबाबाच्या घुमटाभोवती गोऱ्यांच्या कबरी, कोरड्या, दगडाच्या. मध्ये भिंत. खाली वादीच्या, त्या कोरड्या नदीपात्राच्या, वाळूत आपल्या. पाऊस आला की वादी वाहते आणि जे सापडेल ते घेऊन जाते. तुझ्या आईला कबरीतून नेलं तेव्हा तू वाळू उकरत बसली होतीस आणि तुला उचलायला माणसं लागली. त्या दिवशी तू म्हाताऱ्याचा हात धरून म्हणालीस, "आजोबा, तुम्हाला मी वर झोपवीन." मग बॅग भरून गेलीस.

म्हाताऱ्याने ते धरून ठेवलंय. त्याच्या छातीत पाणी भरतंय. मदनीनचा डॉक्टर म्हणाला, हिवाळा काढला तर नशीब. हा मला म्हणतो, "बुर्निया, मी जन्मभर त्यांच्या विहिरी उपसल्या. मेल्यावर तरी मला पाण्यात ठेवू नका."

मी त्याला सांगितलं की जगातल्या सगळ्या देशांनी मिळून आपल्यासारख्या काळ्या माणसांच्या नावाने दहा वर्षं ठेवली होती. ती कधी आली, कधी गेली, आपल्याला कळलं नाही. आता आणखी दहा दिलीत म्हणे. तो बराच वेळ खोकला आणि म्हणाला, "दहा नकोत. त्यातला एक हिवाळा मला द्या म्हणावं."

काल उमदा, गावचा सरकारी मुखिया, जीपमधून येऊन सांगून गेला की पुढच्या महिन्यात तुमची समिती पाहणीला येणार. हे तुझं काम, कळतं मला. चौकातल्या भिंतींना चुना मारताहेत. लवकर आण त्यांना.

आजी

ऐन तरफा, २१ ऑक्टोबर

अख्खं पातेलंभर कुसकुस कोंबड्यांना घातलं, ते आधी ऐक. वर मांस होतं. बरकाने त्याचा बोकड कापला होता.

तू लिहिलं होतंस, 'पाहुणे आले की सगळं खरं सांगा.' कधी सांगायचं ते लिहिलं नव्हतंस. आपली रीत तू तिकडे जाऊन विसरली असशील, आम्ही नाही विसरलो. पाहुण्याच्या पोटात घास गेल्याशिवाय त्याच्यापुढे आपलं रडगाणं गायचं नाही. आधी स्वागत, मग जेवण, मग चहा आणि चहाच्या तिसऱ्या पेल्याला जे काय असेल ते पोटातलं. आम्ही तसंच ठरवलं होतं. म्हातारा बोलणार होता, मग मी, मग बरका. तुझ्या आईचं मी सांगणार होते.

ते यायच्या आदल्या दिवशी गवंडी आला आणि त्याने कबरींमधली भिंत फोडून दार बसवलं. हिरव्या रंगाचं. रंग ओला होता म्हणून कुणी हात लावू नये अशी ताकीद. दार दोरीने दगडाला बांधून उघडं ठेवलं. म्हातारा गच्चीवर खाट टाकून दिवसभर दाराकडे बघत बसला. मी म्हटलं, "असं बघू नकोस, बंद होईल." तर हसला. बऱ्याच दिवसांनी हसला.

गाड्या आल्या आणि आम्ही ढोल सुरू केले. आता तू म्हणशील, ढोल कशाला. अगं, मोठा माणूस दारात आला की आपल्याकडे द्यायला असतं काय? बरकाने ढोल काढला, बायकांनी टाळ्या धरल्या, मी पुढे होऊन गाणं उचललं. एवढी वर्षं आपण लोकांच्या दारात जाऊन वाजवलं, पहिल्यांदा कुणीतरी आपल्या दारात आलं होतं. कुणाच्याही डोक्यात दुसरं काही आलंच नाही.

त्यांचा मुख्य, डॉक्टर अ‍ॅन्सेल्म, गाडीतून उतरला. उंच, आणि आपल्याहूनही काळा. कुठल्याशा बेटावरचा. बरकाची बायको माझ्या कानाला लागली, "ह्यांच्यातल्या नवरीची नजर कोण खात असेल गं, मावशी?" मी तिला चिमटा काढला. डॉक्टर आमच्यात येऊन नाचला. चांगला नाचला. मग रुमालाने डोळे पुसले आणि त्याच्याबरोबरच्या दुभाषी पोरीने सांगितलं, "डॉक्टर म्हणतात, त्यांच्या आजीच्या अंगणात अगदी असाच ढोल वाजायचा." आम्ही आणखी जोरात वाजवलं.

आणि तेवढ्यात, ढोल चालू असतानाच, त्यांनी वह्या काढल्या. पोरगी म्हाताऱ्याजवळ बसली. उमदा तिच्या खांद्यामागे उभा. मी हे सगळं कानांनी ऐकलंय.

"आजोबा, तुम्हाला गावात काही त्रास होतो?"

म्हाताऱ्याने छातीवर हात ठेवला. "अल्लाचे उपकार. पाहुण्यांनी आधी जेवून घ्यावं."

"गावातले बाकीचे लोक तुमच्याशी कसे वागतात?"

"सगळी अल्लाची माणसं. पोरी, तू उन्हातून आलीस. आधी जेव."

"त्या दारातून तुम्हाला जाता येतं?"

म्हाताऱ्याने दाराकडे पाहिलं. "दार आहे म्हणजे जाता येतच असणार."

तिने लिहून घेतलं. मी पदर खोचून पुढे झाले, पण उमद्याने टाळी वाजवली. "चला, सीदी तय्यबकडे पानं वाढलीत." तय्यब म्हणजे शाद्लियाचा थोरला मुलगा, ज्याला आपण सीदी, मालक म्हणायचं. डॉक्टर म्हणाला, ही मंडळीपण येऊ देत. उमदा म्हणाला, "येतील की." बरका गेला. त्याला अंगणात उभं करून जेवण होईपर्यंत वाजवायला लावलं.

जाण्याआधी डॉक्टर परत आला होता, ते मात्र सांगितलं पाहिजे. म्हाताऱ्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि काहीतरी बोलला. पोरगी म्हणाली, "डॉक्टर म्हणतात, मी तुम्हाला विसरणार नाही." म्हातारा त्या वाक्यावर जगतोय. कुणी आलं की सांगतो. मी गाडीपाशी धावत गेले आणि त्या पोरीला म्हटलं, "बाई, ते दार काल बसवलंय. आमचं माणूस त्यातून आजवर गेलेलं नाही." काच वर जात होती. ती म्हणाली, "आजी, हे लेखी पाठवा."

म्हणून लेखी पाठवतेय. हे पान फाडून डॉक्टरच्या हातात दे. दार आदल्या दिवशी बसवलं होतं. आम्ही जेवणानंतर बोलणार होतो.

आजी

ऐन तरफा, २ डिसेंबर

तुझी समिती काय लिहिते ते मी तीन दुपारी बसून वाचलं. तू अरबीत करून पाठवलंस ते बरं केलंस, नाहीतर मला वाटलं असतं की दुसऱ्याच गावाबद्दल आहे. 'वस्तीतल्या ज्येष्ठांनी समाधान व्यक्त केलं.' म्हणजे म्हातारा. 'संगीताचा जिवंत वारसा.' म्हणजे बरकाचा ढोल. आणि दार. दाराची तर अशी स्तुती केलीय की नवरीची करत नाहीत. चांगलं उदाहरण म्हणून इतर गावांना दाखवणार आहेत.

दाराला कुलूप आहे, हे त्यांना दाखवायचं नव्हतं वाटतं. गाड्या गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी कुलूप आलं. किल्ली तय्यबकडे.

तू लिहितेस की माझं पान तू दिलंस, पण अहवाल आधीच मंजूर झाला होता. आता जे बदलायचं ते मार्चच्या सभेत आणि तेही दुसऱ्या कुठल्या वाटेने अर्ज करून. राजधानीत रंगभेदाविरुद्ध कायदा झालाय, पोलिसांत तक्रार दे, असंही लिहितेस. पोलीसचौकीत बसतो तो तय्यबचा साडू. कायदा झाला तेव्हा टीव्हीसमोर आम्हीही टाळ्या वाजवल्या होत्या. तू रडली असशील, कागदावर डाग आहे. रडू नकोस. मार्चपर्यंत म्हातारा थांबेल का, ते मला विचार. आता तो बसून झोपतो. आडवा झाला की गुदमरतो.

तुला एक सांगायचं नव्हतं, पण बरकाच्या बायकोच्या पोटात काही राहत नाही, तेव्हा माझ्याकडूनच ऐक. लल्ला शाद्लिया माझ्याकडे आली होती. स्वतः, चालत, मागच्या वाटेने. तिच्या नातीचं लग्न ठरलं होतं. दारात उभी राहून म्हणाली,

"बुर्निया, झालं गेलं सोड. तुझी नात लहान आहे, बोलून गेली."

"लहान नाही. तुझ्या धाकट्या सुनेच्या वयाची आहे."

"पोरगी घाबरलीय गं. म्हणते, बुर्निया मावशी नसेल तर मी बाहेर पाऊल टाकणार नाही. तिच्या आईचा हात तू धरलास, तिच्या आत्यांचा तू धरलास."

"मग धर ना तू. तुझा हात मोडलाय?"

"माझ्या हाताने काय होतंय," ती म्हणाली. असं म्हणाली की जणू माझं कौतुक करतेय. तिला खरंच तसं वाटतं. मी तिला लहानपणापासून ओळखते. आम्ही दोघी एकाच बाईचं दूध प्यायलोय, माझ्या आईचं.

मी तिला आत घेतलं. खाटेवर बसल्या बसल्या झोपलेला म्हातारा दाखवला. म्हटलं, "लल्ला, नवरीचा हात धरीन. मेंदी मी कालवीन, गाणं मी म्हणेन, उंबरठा मी ओलांडून देईन. पण हा गेला की त्या दारातून वर जाईल. घुमटाजवळ नको. कोपरा चालेल. कोरडा हवा."

तिने म्हाताऱ्याच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "मरजूगने आमची विहीर तीन वेळा वाचवली. तय्यबला मी सांगते. माझा शब्द."

लग्न झालं. बरकाला परत बोलावलं, सगळ्यांना जेवायला घातलं. पोरीचा हात बर्फासारखा गार होता आणि माझी बोटं तिने अशी आवळली की अजून दुखतात. ह्या खेपेला गाणं म्हणताना माझा आवाज लागला नाही, पण कुणाच्या लक्षात आलं नाही.

म्हाताऱ्याला सांगितलं. त्याने विचारलं, "म्हणजे नजलाने केलं?" मी हो म्हटलं. तेव्हा तुला कुणी विचारलं तर तू केलंस.

तुझ्या सगळ्या देशांना जमलं नाही ते माझ्या हातांनी केलं, एवढं मात्र लिहून ठेव. आणि माझ्या हातांबद्दल पुन्हा कुठे बोलू नकोस.

आजी

ऐन तरफा, ८ जानेवारी

तुझा आजोबा गेला. बरकाने तुला फोनवर सांगितलंच आहे. तू का आली नाहीस, हे मी विचारत नाही. विमान मिळालं नाही, सुट्टी मिळाली नाही, जे असेल ते. आली असतीस तरी दारापर्यंतच आली असतीस.

लग्नाची मेंदी माझ्या बोटांवरून उतरलीसुद्धा नव्हती. त्याच हातांनी मी त्याला आंघोळ घातली. पाणी ओतताना मला सारखं वाटत होतं की आता हे शेवटचं, ह्यानंतर ह्याच्या अंगाला पाणी लागायचं नाही.

बायका जनाज्याबरोबर जात नाहीत, पण आपल्या गच्चीवरून दार दिसतं. मी गच्चीवर होते. नमाज झाली, खांदेकरी वर चढले, दारापाशी थांबले. जनाजा खाली ठेवला. मी वाट बघत होते. सावल्या लांब झाल्या तरी ते तिथेच.

पुढचं बरकाने सांगितलं. किल्ली आणायला तो तय्यबकडे गेला. तय्यब दारात आला, गळ्यात पडला, डोळ्यांत पाणी आणलं. म्हणाला, "मरजूग आम्हाला बापासारखा होता."

बरका म्हणाला, "सीदी, किल्ली."

"किल्ली ना, ती दुसऱ्या गाडीत राहिली रे. गाडी मदनीनला गेलीय."

"मग कुलूप तोडू?"

"सरकारी दार आहे, बाबा. जगभर त्याचं नाव झालंय. उद्या तोडलं म्हणून तूच अडकशील." आणि वर म्हणाला, "दार तर तुमच्यासाठीच आहे. कागदावर आहेच की."

बरका कुऱ्हाड आणायला निघाला तेव्हा आपल्याच म्हाताऱ्यांनी त्याला धरलं. "आज तोडशील. आणि उद्या तय्यबने टँकर बंद केला तर पाणी कुठून आणशील?" मेलेल्या माणसाला किती थांबवायचं? सूर्य बुडायच्या आत माती द्यायची होती. त्यांनी जनाजा उचलला. मी गच्चीवरून पाहत होते. मला वाटलं आता आत शिरतील. ते वळले आणि खाली उतरायला लागले.

लल्ला शाद्लिया दुखवट्याला आली होती. थाळी घेऊन आली. थाळी खाली ठेवायच्या आत तीच बोलली. "मी सांगितलं होतं गं तय्यबला. शपथेवर सांगितलं होतं. पण पुरुष ऐकतात का?" तिने खरंच सांगितलं असेल. ती खोटं बोलणारी नाही. तिच्याही हाताने काही होत नाही, हे तिने मला आधीच सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही.

मग पाऊस आला. दरवर्षी येतो त्यापेक्षा जास्त नाही. वादी दोन दिवस वाहिली. पाणी ओसरल्यावर मी काठी घेऊन खाली गेले. त्याच्या कबरीवर ठेवलेला दगड दिसत नाही. दगडच गेलाय की माणूसही, ते वाळू उकरल्याशिवाय कळायचं नाही. मी उकरणार नाही. तू एकदा उकरलीस तेवढं आपल्या घराला पुरे.

तू पाठवलेला तुझ्या समितीच्या कार्यक्रमाचा फोटो मिळाला. मोठ्या पडद्यावर आपलं दार. उघडं, दोरी दगडाला बांधलेली. पडद्याखाली लोक टाळ्या वाजवताहेत. तू कडेला उभी आहेस, टाळ्या वाजवत नाहीस. ते मी पाहिलं. पण ओरडलीही नाहीस. तुला नोकरी आहे, खोलीचं भाडं आहे. मीही तय्यबच्या अंगणात गायले, तेव्हा तुला काय बोलणार.

नवं काही नाही. बरकाला परत लग्नांना बोलावतात. मलाही बोलावतील. पुढच्या महिन्यात शाद्लियाच्या धाकट्या नातीचं आहे. जाईन. न जाऊन दार उघडणार असतं तर गेले नसते.

ह्या पत्राचं उत्तर तू लिहायचं नाहीस, नजला. तू लिहिलंस की त्यात मार्च असतो. तुझ्या ऑफिसनेही लिहायचं नाही, त्यांच्या कागदाला वर नंबर असतो आणि खाली नाव नसतं. डॉक्टर अ‍ॅन्सेल्मने लिहायचं. मरजूगचे दोन्ही हात धरून मी विसरणार नाही म्हणाला होता, त्याने. हे पान त्याच्यापुढे ठेव आणि तो हातात घेईपर्यंत तिथून हलू नकोस. मी एकच विचारतेय. मी मेले की बरकाने मला वर न्यायचं की खाली? त्याने स्वतःच्या हाताने लिहावं. समाधान आणि वारसा नको, नुसतं वर की खाली.

घाई नाही म्हणावं. आधी जेवून घ्या.

बुर्निया